न सांगितलेली तक्रार : एका जुन्या रिव्हॉल्व्हरच्या दुरुस्तीचं प्रकरण

सिलिंडर मध्येच अडकतो, अधूनमधून बार फुसका जातो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला काहीतरी चुरचुरतं. मालकाने तीन तक्रारी सांगितल्या त्या या क्रमाने. रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांचं, रीतसर परवान्यावर त्यांच्याकडे आलेलं. सहा घरांचं, म्हणजे फिरत्या सिलिंडरमध्ये सहा काडतुसं मावणारं, .३८ स्पेशल काडतुसाचं, डबल अ‍ॅक्शन, म्हणजे नुसता चाप ओढूनही घोडा ताणला जाऊन सुटणारं. ‘टायमिंग गेलंय, मोठ्या मापाचा हँड बसवून घ्या,’ असा सल्ला त्यांना आधीच मिळाला होता आणि ते आले होते तो हँड बसवून घ्यायलाच.

हँड म्हणजे चाप ओढला किंवा घोडा मागे घेतला की सिलिंडरच्या पाठीवरच्या दातेरी चकतीचा, म्हणजे रॅचेटचा, दात वर ढकलून पुढचं घर नळीसमोर आणणारी छोटी पट्टी. सिलिंडर जागेवर आला की खालून स्टॉप वर उडतो आणि त्याच्या खाचेत बसतो. घोडा सुटण्याआधी ही बैठक पूर्ण व्हायलाच हवी, यालाच टायमिंग म्हणतात. नाहीतर गोळी नळीच्या तोंडात तिरकी शिरते, तिच्या कडेचं शिसं तासलं जातं आणि नळी-सिलिंडरमधल्या फटीतून बाहेर उडतं. त्यामुळे तिसऱ्या तक्रारीपुरता तो सल्ला चुकीचा वाटत नव्हता. मात्र अडकणं आणि फुसका बार या दोन गोष्टींचा उलगडा हँडने होत नव्हता. तीन तक्रारींपैकी एकीचंच उत्तर देणारा पार्ट पहिल्याच दिवशी बसवायला माझं मन तयार होईना.

आधी हत्यार ओळखून घेतलं. रचना स्मिथ अँड वेसनने १८९९ मध्ये आणलेल्या मिलिटरी अँड पोलीस मालिकेची, म्हणजे पुढे १९५७ पासून जिला मॉडेल १० म्हणू लागले ती. सिलिंडर ज्या हातावर बाहेर झुलतो ती क्रेन उघडल्यावर फ्रेमवर मॉडेल नंबरचा ठसा नव्हता. आतली यंत्रणा झाकणाऱ्या साइड प्लेटवर तीन स्क्रू होते आणि चौथा चापाच्या कड्यापुढे. साइड प्लेटचा वरचा स्क्रू १९५५ च्या सुमारास गेला आणि कड्यापुढचा १९६० नंतर. त्यामुळे हे हत्यार १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं ठरलं. वयाची चौकशी हौसेपोटी केली नव्हती. कड्यापुढचा स्क्रू असलेल्या रिव्हॉल्व्हरचा इजेक्टर रॉड, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा, बहुधा सुलट्या आट्यांचा असतो, आणि पहिल्या तक्रारीचा एक धागा तिथेच होता.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली. सहाही घरं डोळ्यांनी पाहिली, बोटाने चाचपली. टेबलावर फक्त खोटी काडतुसं राहिली. हे मी प्रत्येक वेळी करतो, हत्यार नुकतंच माझ्याच हातून रिकामं झालेलं असलं तरी.

पहिलं उत्तर, आणि माझी घाई

कोरडं, थंड, स्वच्छ केलेलं हत्यार टेबलावर अगदी शहाण्यासारखं वागलं. सिलिंडर सुरेख फिरत होता, लगेच उघडत होता. इजेक्टर रॉडचं टोक चिमटीत धरून फिरवून पाहिलं तर तो पाव फेरा फिरला. सुटला होता.

या रचनेत सिलिंडर मागून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आणि सुलट्या आट्यांचा रॉड त्या फिरण्यात हळूहळू सैल होत जातो. जितका सुटतो तितका लांब होतो आणि पुढच्या खुंटीवर रेटू लागतो. मग चाप जड होतो, आणि एके क्षणी सिलिंडर उघडतच नाही. ही अडचण एवढी ठरलेली होती की १९६० च्या सुमारास आटेच उलटे करण्यात आले. रॉड घट्ट करताना सहाही घरांत रिकाम्या पुंगळ्या घालाव्या लागतात. काडतुसं मागे ढकलणाऱ्या स्टारला या जुन्या सिलिंडरमध्ये जागेवर धरतात त्या दोन बारीक पिना. रिकाम्या घरांनी रॉड आवळला तर सगळा पीळ त्या पिनांवर येतो. पुंगळ्या घातल्या, मऊ जबड्यात रॉड धरला, आवळला. सिलिंडर उघडा ठेवून फिरवला. रॉडचं टोक स्थिर दिसलं, म्हणजे तो वाकलेला नव्हता.

इथे मी चूक केली. कारण सापडलं, अडकण्याचा प्रश्न सुटला, असं मी मालकांना फोनवर सांगून टाकलं. दोन दिवसांनी रेंजवर पस्तिसाव्या बाराला सिलिंडर पुन्हा जड झाला. रॉड तसाच घट्ट होता.

रेंजवरच सिलिंडर उघडून स्टार वर उचलला. खाली दारूचे न जळलेले पिवळट कण तेलात चिकटून बसले होते. एवढासा कण स्टारला कागदाएवढा वर उचलतो, आणि मागच्या फ्रेमशी काडतुसांच्या बुडांना मोकळीक असते ती जवळपास तेवढीच. मालक पुंगळ्या कशा काढतात ते पाहिलं. नळी जमिनीकडे ठेवून रॉड दाबायची त्यांची सवय होती. तसं केलं की कण थेट स्टारखाली पडतात. नळी आकाशाकडे करून रॉड एकदाच जोरात दाबला तर पुंगळ्या आणि कण दोन्ही खाली गळून जातात. शिवाय स्टारखाली ते दर आठवड्याला तेलाचे दोन थेंब सोडत होते. तिथे तेल नकोच, कोरडा ब्रश पुरे. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘वडील तसंच करायचे.’ मी एवढंच म्हणालो, की स्टारखाली सोडून बाकी सगळीकडे वडिलांनी हत्यार छान जपलंय. ते खरंही होतं. नळीच्या आतला गुळगुळीतपणा पाहण्यासारखा होता.

पण एकदा घाई झाल्यावर आता दुसऱ्या कारणावरही विसंबायचं नव्हतं. स्टार साफ केला, पुन्हा बार सुरू केले. अडकणं बरंच कमी झालं, तरी हत्यार तापलं की चापात एक घासट जाणवायची. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढायची वेळ आली होती, आणि खरं तर ते पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं.

नऊ आणि दोन

मोजमापं थाउमध्ये देतो. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५. सिलिंडर मागे दाबून धरला की नळी आणि सिलिंडरमधली फट ९ थाउ. पुढे दाबला की २. मधला ७ थाउंचा फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे होणारा प्ले. नव्या हत्यारात तो एक-दोन थाउ असतो आणि पाचाच्या वर गेला की दुरुस्ती करावी, असं मी मानतो.

हा एक आकडा मिळाल्यावर दोन तक्रारी एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या. सिलिंडर पुढे सरकलेला असला की नळीपासून फक्त २ थाउ लांब. तिथे शिशाचा आणि काजळीचा थर बसला, हत्यार तापलं, की घासणार. आणि घोडा प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर, आदळतो त्या क्षणी सिलिंडर ७ थाउ पुढे पळू शकत असेल, तर माराचा काही भाग काडतूस पुढे ढकलण्यातच खर्च होणार. फुसका बार डबल अ‍ॅक्शनमध्येच जास्त येत होता, तेही याच्याशी जुळत होतं. चाप ओढून मारताना घोडा हाताने ताणण्याइतका मागे जात नाही, त्यामुळे मार मुळातच थोडा हलका पडतो.

तरी फुसक्या बाराला दुसरंही कारण असू शकत होतं. मुठीच्या पट्ट्या काढल्या. मुठीच्या पुढच्या कडेला मोठ्या पट्टी-स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू असतो, तो पूर्ण आवळलेला हवा. आवळलेला होता. बाहेर काढून पाहिला तर टोकावर कानशीचे ओरखडे. कुणीतरी चाप हलका व्हावा म्हणून तो घासून आखूड केला होता. हे काम मला मनापासून खटकतं. बोटाला चाप मऊ लागतो, मालक खूश होऊन जातो, आणि हत्याराचा भरवसा कमी झाल्याचं त्याला भलत्या वेळी कळतं.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती. या चाचणीसाठी माझ्याकडे फक्त प्रायमर घातलेल्या पुंगळ्या असतात, दारू नाही, गोळी नाही. त्यांच्या बुडाचं भोक ड्रिलने मोठं केलेलं असतं, कारण एकट्या प्रायमरचा बार झाला की तो मागे सरकतो आणि सिलिंडर अडवतो. मोठ्या भोकाने तो रेटा निघून जातो. या पुंगळ्या रंगाने खूण करून वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्या भरलेल्या काडतुसांत कधीच जाता कामा नयेत.

घरांना एक ते सहा क्रमांक घातले. आहे त्या स्थितीत डबल अ‍ॅक्शनमध्ये साठ प्रायमर : सात फुसके, वेगवेगळ्या घरांत विखुरलेले. म्हणजे दोष एखाद्या घरात नव्हता. पूर्ण लांबीचा नवा ताण-स्क्रू बसवून पुन्हा साठ : दोन फुसके. साइड प्लेट उघडून आतलं जुनं, वाळून लाखेसारखं झालेलं तेल धुतलं, परत साठ : एक. दोन आणि एक यांतून काही निष्कर्ष काढणं बरोबर नाही, एवढ्या थोड्या चाचण्यांत तो योगायोगही असू शकतो. सात आणि दोन यांतला फरक मात्र मी मानला.

उघडल्यावर

साइड प्लेट कधीही खाचेत पट्टी घालून उचकटू नये. स्क्रू काढायचे, फ्रेम मुठीकडून धरायची आणि लाकडी दांड्याने मुठीच्या सांगाड्यावर टकटक करायची. हादऱ्याने प्लेट आपोआप वर येते. या हत्याराच्या कडेवर पट्टीची खूण होती. आधीचा हात कसा होता ते तिथेच कळलं.

प्लेट उचलली आणि मी थांबलो. प्लेटच्या आतल्या बाजूला एक तिरकी खाच असते. ती रिकामी होती.

त्या खाचेत सरकणारी पातळ पट्टी असते, तिला हॅमर ब्लॉक म्हणतात. चाप सोडलेला असताना ती घोडा आणि फ्रेम यांच्या मध्ये उभी राहते. चाप पूर्ण ओढला तरच खाली जाते. हत्यार हातातून पडून घोड्यावर आपटलं, तरी घोड्याचं नाक प्रायमरपर्यंत पोहोचू नये, एवढंच तिचं काम. १९४४ मध्ये जहाजाच्या पोलादी डेकवर याच जातीचं लष्करी रिव्हॉल्व्हर पडलं, बार उडाला आणि एका नाविकाचा जीव गेला. त्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस ही पट्टी या स्वरूपात आली. आत रिबाउंड स्लाइडचा, म्हणजे बारानंतर घोड्याला थोडं मागे सरकवणाऱ्या भागाचा, एक अटकाव असतोच, पण जोराच्या आघातासमोर त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे त्या घटनेने दाखवून दिलं.

पट्टी तुटलेली नव्हती, आत नव्हतीच. जोडणी करताना ती स्लाइडच्या छोट्या पिनवर नीट धरून प्लेट बसवावी लागते. जरा सरकली तर प्लेट बसत नाही. ती बाजूला ठेवून प्लेट लावली की सगळं कसं सुरळीत बसतं. बारही होतात, चापही चांगला लागतो. मालकाला काही जाणवण्याचं कारणच उरत नाही. तीन तक्रारी घेऊन आलेल्या माणसाकडे या दोषाची तक्रार असणं शक्यच नव्हतं.

मी त्यांना बोलावून घेतलं आणि उघडं हत्यार दाखवलं. ते बराच वेळ ती खाच पाहत होते. सहाही घरं भरून हे रिव्हॉल्व्हर ते कित्येक वर्षं जवळ बाळगत होते. ‘मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही?’ त्यांनी विचारलं.

‘ते पडलं नाही म्हणून,’ मी म्हणालो.

ज्यांच्याकडे या रचनेचं जुनं हत्यार आहे, त्यांना हे उघडल्याशिवायही पाहता येतं. रिकामं असल्याची खात्री करावी, घोडा मागे घेऊन धरावा आणि उजेडात घोड्यापुढच्या पोकळीत डोकवावं. पट्टीचं वरचं टोक दिसायला हवं. मीही पहिल्या दिवशी हे पाहायला हवं होतं. तेव्हा माझं लक्ष सांगितलेल्या तक्रारींवर होतं. आता जुनं हत्यार आलं की मी आधी ही पट्टी पाहतो आणि मग तक्रार विचारतो.

त्याच काळातली पट्टी मिळवून बसवली. चाप सोडलेल्या स्थितीत घोडा अंगठ्याने पुढे रेटला, नाक बाहेर येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट उघडल्यावरच कळली. प्लेटचा पुढचा स्क्रू क्रेनलाही धरून ठेवतो, म्हणून त्याचं टोक त्या त्या हत्याराच्या क्रेनला जुळवलेलं असतं. दिसायला तो आणि मागचा स्क्रू भावंडांसारखे. इथे त्यांची अदलाबदल झाली होती. मागच्या भोकातला स्क्रू पुढे लावला आणि फट पुन्हा मोजली : सात थाउंचा प्ले चारावर आला. कुठलाही पार्ट न बदलता, धातूचा कण न काढता. उरलेल्या चारासाठी क्रेनच्या नळीचं टोक काटकोनात आहे का ते तपासलं आणि आत २ थाउ जाडीचं एकच वॉशर घातलं. आता मागे ९, पुढे ७, प्ले २. अजून एक वॉशर घालून प्ले शून्य करता आला असता, पण मग सिलिंडर तापल्यावर फिरायला जागाच उरत नाही.

फट मात्र ९ थाउ राहिली. सहा असती तर मला आवडली असती. ती कमी करायची तर नळी काढून, खांद्यावर घासून मागे आणावी लागते, आणि दहाच्या आतल्या फटीसाठी एवढ्या जुन्या फ्रेममधून नळी पिळून काढायचा धोका मी पत्करत नाही.

प्रायमरची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी एकशे वीस, एकही फुसका नाही.

हँड, सगळ्यात शेवटी

राहिली तिसरी तक्रार. टायमिंग तपासताना सिलिंडरवर बोटाने अगदी हलका अटकाव ठेवून घोडा सावकाश मागे घ्यायचा. घोडा पूर्ण ताणून मागे थांबण्याआधी स्टॉपची टिक ऐकू यायला हवी. रिकाम्या घरांनी पाहिलं तर तीन घरं उशिरा. पण पिनांवरचा जुना स्टार रिकाम्या घरांत किंचित गोल हलतो आणि तो हललेला भाग आपण हँडच्या नावावर मांडतो. खोटी काडतुसं घालून पाहिलं तर उशीर फक्त चौथ्या घराला. हँड पार झिजला असता तर सहाही घरं उशिरा आली असती.

भिंगाखाली त्या घराला आणणारा रॅचेटचा दात बाकीच्यांपेक्षा बोथट दिसला, कडेवर कानशीची बारीक रेघ. मग रेंजवर हत्यार टेकूवर ठेवलं, फटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे केले आणि प्रत्येक घराचा बार वेगळ्या पुठ्ठ्यांच्या जोडीसमोर काढला. घोडा मुद्दाम सावकाश ताणून. फटीजवळ हात किंवा चेहरा आणायचा नाही, तिथून निघणारा वायू कातडी फाडतो. पाच जोड्यांवर नुसती काजळी. चौथ्या घराच्या उजव्या पुठ्ठ्यात शिशाचे कण रुतले होते.

म्हणजे हँड बदलायचाच होता, पण थोडा रुंद हवा होता आणि आता बसवायचा होता. पहिल्याच दिवशी बसवला असता तर सैल क्रेनवर, पुढे-मागे पळणाऱ्या सिलिंडरच्या मापाने तो जुळवला गेला असता, आणि क्रेनचा स्क्रू जागेवर आल्यावर दातांवर अडला असता. मग कुणीतरी उरलेले पाच दात कानशीने उतरवले असते. नवा हँड सगळ्यात घट्ट घरावर मोकळा जाईपर्यंत दगडावर थोडा थोडा घासत नेला. रॅचेटला हात लावला नाही. हँड बिघडला तर दुसरा आणता येतो, दात गेला तर पूर्ण स्टार जुळवावा लागतो. चौथ्या घराची टिक आता घोड्याच्या अगदी किंचित आधी येते. बाकी पाचांची त्याहून आधी.

नळीच्या तोंडाच्या उताराला शिशाची जाड कड चढली होती, ती पितळी ब्रशने काढली. त्यानंतर एकशे वीस बार, अर्धे सावकाश ताणून, अर्धे चाप ओढून. सिलिंडर अडकला नाही, फुसका बार नाही, चौथ्या घराच्या पुठ्ठ्यावर इतरांसारखीच काजळी.

हत्यार परत देताना एका कागदावर आकडे लिहून दिले : मागे ९, पुढे ७, क्रेनचा स्क्रू पुढचाच, चौथ्या घराचा दात बोथट. पाचशे बारांनी परत मोजायला आणा, असं सांगितलं. चाप पूर्वीपेक्षा जड लागेल हेही सांगितलं. त्यांनी रिकामं हत्यार हातात घेतलं, घोडा मागे ओढून उजेडाकडे धरलं आणि पोकळीत पट्टीचं टोक स्वतः शोधून काढलं.